‘शेवटचे ज्यू’ हे शीर्षक आधी खोडा: कोकणातल्या बेने इस्रायलींवर डॉक्युमेंटरी करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अलिबाग तालुक्यात तुमच्या गावाजवळ जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. आसपास बेने इस्रायलींची, म्हणजे पिढ्यान्पिढ्या कोकणात राहिलेल्या मराठी ज्यूंची, मोजकीच घरं उरली आहेत आणि त्यातल्या एका घराशी तुमचा आजोबांपासूनचा घरोबा आहे. त्यांच्यावर ‘कोकणातले शेवटचे ज्यू’ अशी अर्ध्या तासाची डॉक्युमेंटरी करायची आहे. कॅमेरा आहे, मदतीला दोन मित्र आहेत. आधी कोणते चित्रपट बघावेत, शनिवारची प्रार्थना शूट करू देतील का आणि जुनं फुटेज कुठे मिळेल, हे तुम्हाला हवं आहे.

तिन्हींची उत्तरं देते. पण मी मुळात संकलक आहे. एडिट टेबलवर आलेलं फुटेज बघून एक गोष्ट मला पक्की कळली आहे, की शूटिंगला जाण्याआधी डोक्यात जे शीर्षक असतं तेच कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवतं. ‘शेवटचे’ हा शब्द घेऊन गेलात तर गंजलेलं कुलूप, ओस ओटा, रिकामी बाकं आणि म्हाताऱ्या माणसाचा खिडकीबाहेर बघतानाचा चेहरा एवढंच घेऊन याल. त्या घरात रोज जे चालतं ते टिपायचं राहून जाईल. म्हणून तुमची खरी अडचण परवानगी किंवा फुटेज ही नाही. या माणसांची गोष्ट कोणत्या चालीत सांगायची, ही आहे.

ज्यू लोकांवरच्या ज्या डॉक्युमेंटरी आपल्यापर्यंत पोचतात त्यातल्या बहुतेक युरोपातल्या नरसंहाराच्या असतात. त्यांची एक चाल आपल्या डोळ्यांत बसली आहे: रेल्वेचे रूळ, काळे-पांढरे फोटो, संथ व्हायोलिन, एकटा उरलेला साक्षीदार. तिथे त्या चालीला कारण होतं. नाझींनी साठ लाख ज्यू मारले, गावंच्या गावं पुसली. कोकणात असं काही घडलेलं नाही. इथे कुणी त्यांना हाकललं नाही, कुणी त्यांची घरं जाळली नाहीत. १९४८ च्या सुमारास भारतात बेने इस्रायली साधारण २०,००० होते. पुढच्या दोन-तीन दशकांत त्यातले बहुतेक इस्रायलला गेले. कुणी धर्मभावनेने गेलं, कुणी नोकरीसाठी, कुणी आधी गेलेल्या भावंडांच्या ओढीने. आज अश्दोद, बेरशेबा, दिमोना, लोद इथे पेणकर, रोहेकर, दिवेकर नांदत आहेत, नातवंडं हिब्रू बोलतात आणि मराठीत ‘मायबोली’ नावाचं त्रैमासिक तिथून निघत आलं आहे. गावातलं घर रिकामं झालं ते स्थलांतराने. मुंबईला गेलेल्या चाकरमान्याच्या रिकाम्या घराला जी चाल लावाल, तीच याही घराला जास्त शोभेल. त्यावर युरोपातल्या शोकाचं संगीत घातलं तर युरोपात मेलेल्यांचंही दुःख हलकं होतं आणि इथल्या जिवंत माणसांनाही तुम्ही जिवंतपणी फोटोफ्रेममध्ये बसवता.

आता चित्रपट. तीन सांगते, आणि तिन्ही एकाच प्रश्नासाठी बघा: या दिग्दर्शकाच्या हाती काय उरलं होतं, आणि त्यातून त्याने आकार कसा काढला?

पहिला क्लोद लान्झमान यांचा ‘शोआह’, १९८५ चा. नऊ तासांहून मोठा आहे, एका बैठकीत बघायचा हट्ट धरू नका. त्यात जुनं फुटेज अजिबात नाही. छावण्यांच्या जागी गवत उगवलेलं, इमारती पाडलेल्या. हाती होती फक्त माणसांची तोंडं आणि त्या जागा. त्यामुळे चित्रपटही तेवढ्यावरच उभा आहे. त्यातला न्हाव्याचा प्रसंग मात्र नीट, दोनदा बघा. अब्राहम बोम्बा यांना त्रेब्लिंका छावणीत बायकांना वायूच्या खोलीत मारण्याआधी त्यांचे केस कापायला लावलं होतं. लान्झमान त्यांना इस्रायलमधल्या एका सलूनमध्ये उभं करतात, हातात कात्री देतात, समोर गिऱ्हाईक बसवतात. कात्री चालू असते तोवर बोम्बा सपाट आवाजात बोलत राहतात. मग एका आठवणीपाशी थांबतात, तोंड पुसतात, पुढे बोलवत नाही असं सांगतात, आणि लान्झमान त्यांना बोला असा आग्रह धरतात. त्या आग्रहावर आजही वाद होतो. माझं मत असं, की हाताला ओळखीचं काम देण्याची युक्ती तुम्ही जरूर घ्या आणि तो आग्रह तिथेच सोडून या. लान्झमानसमोर जगापुढे ठेवायची साक्ष होती. तुमच्यासमोर तुमच्या आजोबांच्या मित्राचं कुटुंब आहे, आणि शूटिंग संपल्यावरही तुम्हाला त्यांच्या ओटीवर बसायचं आहे.

दुसरा बियांका स्टिग्टर यांचा ‘थ्री मिनिट्स: अ लेंग्दनिंग’. डेव्हिड कर्ट्झ हे अमेरिकेत स्थायिक झालेले गृहस्थ १९३८ मध्ये पोलंडमधल्या नाशेल्स्क या आपल्या जन्मगावी गेले होते. तिथे त्यांनी हौसेने थोडं चित्रण केलं. २००९ मध्ये त्यांच्या नातवाला ती रिळं फ्लोरिडात सापडली. गावाचं चित्रण जेमतेम तीन मिनिटांचं. पूर्ण चित्रपट सव्वा तासाच्या आतबाहेर आहे आणि पडद्यावर सारा वेळ ती तीनच मिनिटं आहेत. पुढे-मागे करून, थांबवून, मोठी करून. किराणा दुकानावरची पुसट पाटी वाचायचा खटाटोप, कपड्यांचे रंग, कॅमेऱ्यात यायला धक्काबुक्की करणारी पोरं. त्यातल्या एका पोराला पुढे त्याच्या नातीने ओळखलं आणि तो म्हातारा गृहस्थ आपल्या गावाबद्दल बोलतो. तुम्हाला जर एका घरात लग्नाचे चार फोटो मिळाले, तर चाळीस नाहीत म्हणून रडत बसायचं नाही, हे मला या चित्रपटाने पटवलं. चारच फोटो घ्या आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईंसोबत तासभर बघा. ही कोण, ती का रुसली होती, हा शालू कुणाचा, मागची भिंत कुठल्या घराची. रेकॉर्डर चालू ठेवा.

तिसरा याएल हेर्सोन्स्की यांचा २०१० चा ‘अ फिल्म अनफिनिश्ड’. वॉर्सा घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, नाझींनी १९४२ च्या मे महिन्यात केलेलं चित्रण अनेक वर्षं अस्सल पुरावा म्हणून वापरलं जात होतं. नंतर गाळलेली रिळं मिळाली तेव्हा दिसलं, की कित्येक प्रसंग माणसांना उभं करून, पुन्हा पुन्हा घेतलेले आहेत. जुन्या फुटेजबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून हा सांगितला. कुठलंही जुनं चित्र हाती आलं की आधी विचारायचं: हे कुणी काढलं, कुणासाठी, आणि चौकटीबाहेर काय ठेवलं? साहेबाने काढलेला ‘नेटिव्ह ज्यू’ कुटुंबाचा फोटो आणि त्याच कुटुंबाने हौसेने स्टुडिओत जाऊन काढवलेला फोटो, दोन्ही एकाच वजनाने वापरता येत नाहीत.

आता हाच प्रश्न आपल्या विषयाला लावू. बेने इस्रायलींच्या बाबतीत हाती काय आहे? इमारती थोड्या आहेत, चलच्चित्र फारसं नाही. पण आवाज भरपूर आहे, आणि तो मराठीत आहे. ही माणसं आपल्या सणांना खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण म्हणत आली. १८८० च्या सुमारास त्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तनं रचली आणि टाळ-पेटीवर केली. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हगादेत, म्हणजे पेसाह या सणाच्या रात्री वाचायच्या पोथीत, हिब्रूसोबत मराठी भाषांतर आहे आणि बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका चक्क आपल्याकडच्या लुगड्यात दाखवल्या आहेत. तुमच्या चित्रपटाचा आकार या आवाजातून काढा, असं मी म्हणेन. दृश्य कमी पडलं तरी चालेल, आवाज चांगला पाहिजे. उसने मागून का होईना दोन बरे माइक मिळवा. अलिबागचा वारा लेन्सला दिसत नाही पण साउंडट्रॅकची वाट लावतो, आणि घरातला पंखा बंद करा असं तोंड उघडून सांगावं लागतं.

एक उदाहरण देते. मलिदा म्हणजे नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने होणारा विधी. बहुतेक नवखे लोक तो पाटावर ताट मांडल्यावर शूट करायला लागतात. तुम्ही स्वयंपाकघरापासून सुरू करा. नारळ फुटल्याचा आवाज, खवणीवरची खरखर, भिजवून निथळत ठेवलेले पोहे, साखर, वेलदोडा, सुकामेवा, आणि मध्येच कुणीतरी कुणाला तरी ओरडतं की हात ओला लावू नकोस. मग ताटात पोह्यांची रास, भोवती फळं, वर गुलाबाचं फूल. पुरुष डोक्यावर टोपी घालून हिब्रूत एलियाहूचं गाणं म्हणतात. एकेक फळ उचलून त्याचा आशीर्वाद म्हणतात. झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा, सुवासाचा वेगळा. मग ते सगळ्यांना वाटलं जातं. या वीस मिनिटांत हिब्रू आणि मराठी कुठे कुठे एकमेकींत शिरतात ते तुम्ही कॅमेऱ्यामागे उभं राहून ऐकाल, तेव्हा ‘ज्यू की मराठी?’ हा प्रश्न मुलाखतीत विचारायची गरजच उरणार नाही. तो प्रश्न विचारू नका, हे वेगळंही सांगते. प्रत्येक पाहुणा कॅमेरामन तो विचारतो आणि प्रत्येक कुटुंबाकडे त्याचं तयार, गुळगुळीत उत्तर असतं.

अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबींचं स्थान मानलेला खडक आहे, तिथे कुटुंबं मलिद्यासाठी येतात, इस्रायलहूनही येतात. त्या गर्दीत जे मिळेल ते सिनेगॉगच्या रिकाम्या बाकांपेक्षा किती तरी जास्त आहे.

शनिवारचं. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसल्यावर संपतो. या वेळात कॅमेरा चालवणं हे मनाई असलेल्या कामांत येतं. काही घरं ढिली असतात, ‘चालतं हो’ म्हणतील. तरी मी प्रार्थनेचं शूटिंग मागत नाही. यजमानाने भिडेखातर हो म्हटलं तर त्याचं उत्तर पुढे त्याला समाजात द्यावं लागतं. रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोथ आणि पेसाहचे मुख्य दिवस यांनाही हेच लागू. हनुक्का आणि पुरीमला, तसंच आठवड्याच्या वारी होणाऱ्या मलिद्याला सहसा अडचण नसते. शेवटचा शब्द तिथल्या हझानचा, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याचा, आणि विश्वस्तांचा.

आणि खरं सांगायचं तर शब्बाथच्या आधीचेच तास जास्त बोलके असतात. सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. जिथे घरं कमी तिथे दहा माणसं जमवणं हीच एक मोहीम असते. कोण मुंबईहून येतोय, कुणाची लाँच चुकली, कुणाचा गुडघा दुखतोय, आठ झाले, नऊ झाले. शुक्रवारी दुपारचे ते फोन शूट करा. दिवा लागायच्या वेळेला कॅमेरा बंद करून पिशवीत टाका, आणि पडद्यावरही तिथे तसाच कट द्या. प्रेक्षकाला शब्बाथ म्हणजे काय ते निवेदनाच्या एका वाक्याशिवाय कळेल.

सुरक्षेचा भाग परिस्थितीवर अवलंबून आहे. २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला तेव्हापासून सिनेगॉग आणि ज्यू संस्था सावध असतात. पत्र द्यावं लागेल, ओळखपत्र दाखवावं लागेल, कदाचित पोलीस विचारतील. गावात एवढं नसतं. दोन्हीकडे दारं, कुलपं, येण्याजाण्याच्या वाटा यांचे सविस्तर शॉट पडद्यावर ठेवू नका. इस्रायल-गाझाच्या बातम्या ज्या दिवसांत पेटलेल्या असतात त्या दिवसांत मुलाखतीची घाई नको. तुमच्या शेजाऱ्याला एका देशाचा प्रवक्ता करायचं नाही. त्यांची मुलगी अश्दोदला असेल आणि ते आपणहून काळजीने, रागाने, जे काही बोलतील ते मात्र गाळायचंही नाही.

जुन्या फुटेजसाठी जेरुसलेममध्ये हिब्रू विद्यापीठाचा स्पीलबर्ग ज्यू फिल्म संग्रह आहे, त्यातलं बरंच इंटरनेटवर बघता येतं. तिथल्याच राष्ट्रीय ग्रंथालयात ध्वनिसंग्रह आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. हक्कांचा पत्रव्यवहार वेळ खातो, म्हणून पहिल्या महिन्यातच पत्रं टाका. पण खरा संग्रह ट्रंकांत असतो. अल्बम ‘स्कॅन करून आणतो’ म्हणून घराबाहेर नेऊ नका. स्कॅनर घरी घेऊन जा, त्यांच्यासमोर काम करा, त्यांना पेन ड्राइव्हवर प्रत द्या.

इथे एक चूक हमखास होते. मुंबईतल्या काळा घोड्याचं निळं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग (१८८४) आणि पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड, ही बगदादी ज्यूंची, म्हणजे बगदादकडून आलेल्या वेगळ्या ज्यू समाजाची, ससून घराण्याने बांधलेली. दिसायला देखणी म्हणून लोक ती बेने इस्रायलींच्या गोष्टीत घुसडतात. तुमची गोष्ट मशीद बंदरजवळच्या शार हारहामीमची आहे, जे सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलं. अलिबागच्या इस्रायल आळीतल्या मागेन अबोथची आहे. हा फरक फक्त इमारतींचा नाही. बगदादी मंडळी बेने इस्रायलींना बरोबरीचं मानायला कित्येकदा तयार नसत. बेने इस्रायलींच्या आतही ‘गोरे’ आणि ‘काळे’ (म्हणजे मिश्र लग्नांतले मानलेले) असा भेद होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमधल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, बेने इस्रायलींच्या लग्नांआधी मागच्या पिढ्या तपासायचा फतवा काढला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं जाहीर केलं. ज्या पिढीने हे भोगलं ती आता ऐंशीच्या पुढे आहे. अर्ध्या तासात पाच मिनिटं यासाठी ठेवाच. सगळे गुण्यागोविंदाने राहिले एवढंच सांगणारा चित्रपट या माणसांच्या लढ्याचा मान राखत नाही.

नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही मूळकथा तुम्ही घेणारच. ॲनिमेशनने लाटा उसळवू नका. तीच गोष्ट आजी, शाळकरी नातू आणि बेरशेबातला चुलतभाऊ यांच्याकडून वेगवेगळी ऐका आणि तिघांचे तपशील जुळत नसतील तर तसेच राहू द्या. कोणत्या शतकात आले याचे अंदाज इतिहासकारांत फार वेगवेगळे आहेत. चित्रपटाने निकाल द्यायची गरज नाही. तेलाचे घाणे आणि शनिवारची सुट्टी, त्यावरून पडलेलं शनवार तेली हे नाव, हेही तोंडूनच येऊ द्या. कुणाला घाण्यापाशी उभं करून बैल फिरवू नका.

राहिला चित्रपटाचा दुसरा अर्धा भाग, जो समुद्रापलीकडे आहे. तिकिटाचे पैसे नसतील हे गृहीत धरते. तिकडच्या नातेवाइकांना फोनवर आडवं चित्रण करून पाठवायला सांगा: सकाळचा चहा, बाजार, नातवंडांशी बोलणं. अलिबागच्या आजी आणि अश्दोदची बहीण यांचा व्हिडिओ कॉल दोन्ही टोकांनी रेकॉर्ड करा. माझ्या मते तोच तुमच्या चित्रपटाचा कणा आहे. तसा बनला तर ‘शेवटचे’ हा शब्द आपोआप गळून पडेल.

संमतीपत्र मराठीत करा, वाचून दाखवा, आणि त्यात ‘नको वाटलं तर अमुक तारखेपर्यंत माझं बोलणं काढून टाका’ अशी ओळ ठेवा. माझ्या अनुभवात ती ओळ असली की माणसं मोकळी बोलतात आणि ती वापरण्याची वेळ क्वचितच येते.

थोडक्यात क्रम असा ठेवा: आधी कॅमेऱ्याशिवाय गाठीभेटी आणि फोटो, मग मलिदा आणि शुक्रवारची धावपळ, मग इस्रायलची बाजू, आणि मुलाखती सगळ्यात शेवटी, कारण तोवर काय विचारायचं ते तुम्हाला कळलेलं असेल. रफ कट झाला की महोत्सवांना पाठवण्याआधी त्या कुटुंबाला दाखवा. हिब्रू संवादांना इंग्रजीच्या आधी मराठी सबटायटल्स करा, कारण पहिला खेळ अलिबागला लावायचा आहे आणि पहिल्या रांगेत बसणाऱ्यांना ती वाचता आली पाहिजेत. अक्षर मोठं ठेवा.